गोफ विणताना, गोफ उकलताना

मंडळी, समूहनृत्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकसारखे उठणारे हात आणि एकसारखी पडणारी पावलं येतात. सगळ्यांनी सारखं केलं म्हणजे लय जमली, असं आपण धरूनच चालतो. शिगम्यातला गोफ नीट पाहिला तर ही समजूत टिकत नाही. गोव्यात, विशेषतः काणकोणच्या बाजूला, फाल्गुनात मांडावर, म्हणजे गावच्या उत्सवाच्या मोकळ्या जागेत, तो खेळतात.

वरून रंगीत दोऱ्या सोडलेल्या असतात आणि प्रत्येकाच्या हातात एकेक टोक. समजा, आठ गडी आहेत. चौघं एका दिशेने फिरणार, चौघं उलट्या. दोघं समोरासमोर आले की एकाने दोरी उंच धरून बाहेरून जायचं, दुसऱ्याने वाकून तिच्याखालून आत शिरायचं. पुढचा गडी भेटला की आत गेलेला बाहेरून जाणार, बाहेरचा आत. अर्धा फेरा होईपर्यंत समोरचे चारही जण एकेकदा भेटून जातात. घुमट हे मडक्याचं वाद्य, शामेळ हा काठ्यांनी वाजवायचा ढोल आणि कासाळे म्हणजे झांजा; त्यांचा ठेका सगळ्यांना एकच. पण त्या एका ठेक्यावर निम्मे आत असतात आणि निम्मे बाहेर. समोरच्याचं पाहून तसंच केलं, तर गोफ तिथेच फसतो. इथे सोबत राहायचं ते उलटं वागून.

घुमटाबद्दल जाता जाता एक सांगतो. मडक्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं ताणत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळालं. आता बकऱ्याचं कातडं लावतात. नादात फरक पडला असेल, पण तो मला मान्य आहे.

वेणी जशी खाली खाली उतरते, तशा दोऱ्या आखूड होतात. रिंगण आवळत जातं, खांद्याला खांदा लागतो, पावलं लहान करावी लागतात आणि ठेका मात्र सोडायचा नसतो. ताण प्रत्येकाने आपापल्या हातात सांभाळायचा. कुणाची दोरी सैल पडली तर त्या रंगाचा झोळ वेणीत उठून दिसतो. घोळक्यात कुणी लपू शकत नाही, ही गोफाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

विणून झालं की लोक टाळ्या वाजवतात. माझ्या मते खरी कसोटी तिथून सुरू होते. वाद्यं पुन्हा धरतात आणि सगळे उलटे फिरतात. शेवटची अढी सर्वांत आधी सुटली पाहिजे, म्हणजे प्रत्येकाला आपली वाट शेवटाकडून आठवायला हवी. खालून जायचं तिथे एखादा वरून गेला, तर जुनी अढी राहते आणि तिच्यावर नवी बसते. ओढून ती सुटत नाही, घट्ट होते. एकट्याने मागे येऊनही भागत नाही, समोरच्यालाही त्याच्यासोबत मागे यावं लागतं. सगळं नीट जुळलं तर अखेरीस आठही दोऱ्या सुट्या, ज्याची त्याच्या हातात.

तमिळनाडूतल्या पिन्नल कोलाट्टम या नाचातही असंच विणणं आणि उकलणं आहे. आपल्याकडच्या शाळांमधून गोफ बसवणाऱ्या शिक्षकांना मात्र एक विनंती आहे: कार्यक्रमात वेळ कमी पडला तर विणण्याचे फेरे कमी करा, पण उकलणं कापू नका.