स्टेडियम नवं झालं, पण शेजारचे काका कुठे गेले?

नमस्कार मंडळी. पुण्यात फुटबॉलवर व्याख्यान आणि तेही रविवारी संध्याकाळी, म्हणजे मला वाटलं होतं की संयोजक, त्यांची बायको आणि माइकवाला एवढेच असतील. तुम्ही बरेच जण दिसताय. यातले निम्मे इंग्लंडच्या प्रीमियर लीगवाले असावेत, जर्सीवरून कळतंय, आणि उरलेले चहा आहे असं ऐकून आलेत, त्यांचंही स्वागत.

विषय असा की क्लब जुनं मैदान सोडून नव्या स्टेडियममध्ये जातो तेव्हा फॅन्सचं काय होतं आणि ते नीट कसं करता येईल. दुसरा भाग महत्त्वाचा, तो शेवटी घेतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कोणाला उठायचं असेल तर मोकळे. फॅन जपतो तो मैदानाला जायचा रस्ता आणि शेजारच्या खुर्चीवरचा माणूस, आणि नवं स्टेडियम बांधताना नेमका या दोन गोष्टींचाच हिशोब कोणी धरत नाही. खुर्च्या मात्र बरोबर मोजतात.

आता गोष्ट एव्हर्टनची, लिव्हरपूल शहरातल्या फुटबॉल क्लबची. मी एव्हर्टनचा फॅन आहे, हसू नका, कोणीतरी असावं लागतं. हा क्लब आधी ॲनफिल्डला खेळायचा. हो, तेच ॲनफिल्ड, लिव्हरपूलचं. तिथला मालक जॉन होल्डिंग, बिअरचा कारखानदार आणि क्लबचाही मोठा माणूस. तो भाडं वाढवत गेला, मैदानावर बिअर आपलीच विकली जावी असं त्याचं म्हणणं, कमिटीला ते पटेना, भांडण पेटलं आणि 1892 मध्ये एव्हर्टनवाले सामान उचलून स्टॅनली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्कला गेले. होल्डिंगकडे राहिलं रिकामं मैदान. मग त्या बाबाने काय करावं, तर नवीन क्लबच काढला, त्याचं नाव लिव्हरपूल. म्हणजे बघा, घरमालक-भाडेकरू वादातून लिव्हरपूल निघालं! आपल्या पेठांमधे असे दावे तीन-तीन पिढ्या चालतात, आणि त्यातून बाहेर काय येतं, तर तारीख. (टाळ्या नकोत, इथे घरमालकही बसले असतील.)

तर गुडिसनला एव्हर्टन 133 वर्षं राहिलं. मैदान कसं, तर कोपऱ्यात दोन स्टँडच्या मधे चक्क चर्च, काही सीटसमोर खांब, म्हणजे पैसे भरून मान वाकडी करून मॅच बघायची. आणि एक गोष्ट ऐकून मी गप्पच झालो होतो, तिथे पिचच्या कडेने शेकडो फॅन्सची रक्षा पुरलेली आहे. आपल्याकडे आळंदी, नाशिक, तसं त्यांच्याकडे गुडिसन. शेवटी 2004 मध्ये क्लबला सांगावं लागलं की आता जागा उरली नाही. अशा मैदानातून बाहेर पडणं म्हणजे काय असेल याचा विचार करा.

18 मे 2025 ला पुरुषांच्या टीमची तिथली शेवटची मॅच झाली, साउदॅम्प्टनला 2-0 हरवलं, दोन्ही गोल इलिमान एन्डियायचे. मग टीम गेली मर्सी नदीकाठी ब्रॅमली-मूर डॉकवर, 52 हजारांच्या वरचं स्टेडियम. (त्या भागातल्या बांधकामांमुळे, त्यात हे स्टेडियमपण आलं, लिव्हरपूल शहराचा जागतिक वारसा दर्जा युनेस्कोने 2021 मध्येच काढून घेतला होता, म्हणजे किंमत फक्त फॅन्सनीच मोजली असं नाही.) ऑगस्टमध्ये तिथल्या पहिल्या लीग मॅचला ब्राइटनविरुद्ध पहिला गोल कोणी मारला? त्याच एन्डियायने. लेखकाने लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, फारच जुळवून आणलंय. आणि गुडिसन पाडलं नाही, महिला टीमला दिलं. हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, त्यावर पुढे बोलतो, वेळ मिळाला तर.

तुम्ही म्हणाल याचं पुण्याला काय. आपल्याला काही नवं नाही हो. स्वारगेटचं नेहरू स्टेडियम आठवा. 1996 च्या वर्ल्ड कपमध्ये केनियाने वेस्ट इंडीजला 93 धावांत गुंडाळलं ते तिथेच, आणि आता ज्याला विचारावं तो त्या दिवशी स्टेडियममध्ये होता, म्हणजे सारसबागेपर्यंत स्टँड असणार तेव्हा. मग इंटरनॅशनल मॅचेस गहुंजेला गेल्या, 2012 पासून. स्टेडियम सुंदर आहे, तक्रार नाही. पण नेहरूला चालत जाता यायचं, येताना मिसळ खाता यायची, गहुंजेला एक्सप्रेसवेच्या बाजूला गाडी लावून परत कशी काढायची याचं वेगळं प्लॅनिंग लागतं. मुंबईवाल्यांचं तर ब्रेबॉर्नहून वानखेडे झालं ते तिकिटांच्या वाटपावरून भांडून झालं, आणि अंतर किती, चालत दहा-पंधरा मिनिटं. भांडावं तर असं, रस्ता तोच राहतो.

पण माझं खरं दुखणं बालेवाडीचं आहे, आणि संयोजकांनी बजावलंय की त्यावर जास्त बोलू नका, म्हणून थोडंच बोलतो. आपल्याकडे आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल लीगची टीम होती, एफसी पुणे सिटी, पहिल्याच 2014 च्या सीझनला आपल्याकडून डेव्हिड ट्रेझेगे खेळला होता, वर्ल्ड कप जिंकलेला माणूस बालेवाडीत! आम्ही काही जण कोथरूडहून जायचो. विद्यापीठ चौकात अडकायचं, उड्डाणपुलाला शिव्या द्यायच्या (तो पूलही 2020 मध्ये पाडला, आमच्या शिव्या लागल्या असतील), मग बाणेर रोड, मग गेटवर तपासणी. आमच्यातल्या एक मावशी दशम्या आणि चटणीचा डबा आणायच्या, स्टीलचा डबा आत नेता येत नाही म्हणाले, तर मावशींनी गेटवरच डबा उघडला, सिक्युरिटीच्या पोरांना एकेक दशमी दिली, बाकीच्या कागदात बांधल्या आणि डबा स्कूटरच्या डिकीत. पुढच्या मॅचपासून ती पोरं लांबूनच विचारायची, मावशी आज काय?

आणि आमच्या पुढच्या रांगेत एक काका असायचे, बँकेतून रिटायर झालेले, नातवाला घेऊन यायचे. ओरडायचे नाहीत, नाचायचे नाहीत, फक्त दर पाच मिनिटांनी शांतपणे म्हणायचे, "अरे, पास दे ना रे त्याला." गोल झाला तरी मागे वळून एवढंच की, बघा, पास दिला की होतं. मी त्यांना नाव कधी विचारलं नाही, फोन नंबर नाही, गरजच काय, ते तिथे असायचेच. 2018 ला आपण पहिल्यांदा सेमीफायनलला गेलो, इथली मॅच 0-0, बंगळुरूला जाऊन 3-1 हरलो, सुनील छेत्रीची हॅटट्रिक, तर मला घरी टीव्हीसमोर छेत्रीपेक्षा जास्त हे सुचत होतं की काका आत्ता काय म्हणत असतील.

2019 मध्ये ती टीम बंद झाली आणि लीगमधली जागा हैदराबादला गेली. बरं, गुडिसनला निदान सगळ्यांना माहीत होतं की आज शेवटचं, लोक रडले, गाणी म्हणाले, फोटो काढले. आम्ही शेवटच्या मॅचला "चला, भेटू पुढच्या सीझनला" असं म्हणून पार्किंगकडे गेलो. आता ते काका मला कुठे सापडणार? पुण्यात काय कमी काका आहेत का. 2022 मध्ये हैदराबाद चॅम्पियन झालं, मी मॅच बघत होतो, टाळ्या वाजवायला हात वर गेले आणि तसेच खाली आले. आपले वाटेनात, परकेही वाटेनात.

चिठ्ठी आलीये. दहा मिनिटं राहिली म्हणे. मुख्य मुद्दा तर अजून व्हायचाय, भरभर सांगतो.

लंडनचं आर्सेनल 2006 मध्ये जुनं मैदान हायबरी सोडून एमिरेट्सला गेलं, 38 हजारांवरून 60 हजार. हायबरीत आता फ्लॅट्स आहेत आणि पिचच्या जागी सोसायटीची बाग, पुणेकरांना समजावून सांगायला नको. नवं स्टेडियम लोकांना इतकं कोरडं वाटलं की तीन वर्षांनी क्लबलाच जुन्या खेळाडूंची चित्रं, फॅन्सचे झेंडे, जुनं घड्याळ असं करून ते आपलंसं करायला घ्यावं लागलं. म्हणजे आठवण झाली, पण उशिरा. वेस्ट हॅमचं त्याहून वाईट. अप्टन पार्क सोडून 2016 मध्ये ऑलिंपिकच्या स्टेडियमला गेले, 99 वर्षांच्या भाडेकरारावर, आणि ते मुळात ॲथलेटिक्ससाठी बांधलेलं, त्यामुळे पिच प्रेक्षकांपासून लांब. अप्टन पार्कजवळ ग्रीन स्ट्रीट नावाचा जो रस्ता आहे, साड्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांचा, त्या रस्त्याने पाय आपोआप मैदानाकडे जायचे, ते गेलं. 2018 ला बर्नलीकडून 3-0 हरताना लोक मैदानात घुसले, एकाने तर कॉर्नरचा झेंडा उपटून मधोमध नेऊन रोवला. टॉटनमने मात्र त्याच जागी बांधलं, दोन सीझन वेम्बलीला काढले आणि 2019 मध्ये परत आले. रीडेव्हलपमेंटमध्ये तोच पत्ता मिळाला, फक्त मजले वाढले. तिथे कुरकुर आहे ती तिकिटाच्या किमतीची, रस्त्याची नाही.

मग करायचं काय? एक, सीट वाटताना माणसं सुटी सुटी वाटू नका, जे वर्षानुवर्षं शेजारी बसतात त्यांना अर्ज एकत्र करू द्या आणि एकत्र बसवा, याला सिमेंट लागत नाही. दोन, जुनी जागा शक्य असेल तर जिवंत ठेवा, गुडिसनला महिला टीम खेळते तसं, म्हणजे आजोबांची रक्षा कोणाच्या पार्किंगखाली जात नाही. तीन, फॅन्सना आधी विचारा, नंतर नाही. लंडनच्याच चार्ल्टन क्लबवाल्यांना 1985 मध्ये त्यांचं व्हॅली मैदान सोडावं लागलं, परतीची परवानगी अडली, तर फॅन्सनी 1990 च्या स्थानिक निवडणुकीत व्हॅली पार्टी नावाचा पक्षच काढला आणि 14,838 मतं घेतली, 1992 मध्ये टीम घरी आली. एका मैदानासाठी पक्ष! इंग्लंडमध्ये 2025 ला कायदाच झालाय, त्याप्रमाणे क्लबला घरचं मैदान विकायचं किंवा हलवायचं तर फुटबॉलच्या नियामकाची मंजुरी लागते. आपल्याकडे अख्खी फ्रँचायझी शहर बदलते तेव्हा प्रेक्षकाला कोणी विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही, आणि विचारायचं म्हटलं तरी आमची काही संघटना नव्हती, नोंद नव्हती, व्हॉट्सॲप ग्रुपवर सात जण होतो आणि त्यातले दोघे फक्त गुड मॉर्निंग टाकायचे. तेव्हा उद्या पुण्यात नवीन क्लब आला, आणि येईल, तर पहिल्याच सीझनला फॅन्सची रजिस्टर्ड संस्था काढा, वर्गणी शंभर रुपये ठेवा, आणि रांगेतल्या शेजाऱ्याचा नंबर घ्या.

आता प्रश्न. हो काका, तुम्ही, निळ्या शर्टातले. नाही, मँचेस्टर युनायटेडवर नाही बोलणार.