सातच्या आकड्यावरची रेघ

माझी भाची आठ वर्षांची व्हायची होती, तेव्हाची ही गोष्ट. मी उन्हाळ्यात बहिणीकडे राहायला गेले होते. बहीण परदेशात असते. तिथे घरोघरी नाताळच्या रात्री सांता येतो, तसा त्यांच्याही घरी येत असे. एका दुपारी भाचीने मला हाताला धरून तिच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि कंपासपेटीतून एक चिठ्ठी काढली. नाताळच्या भेटीला दोऱ्याने बांधलेली होती ती. 'सात वर्षांच्या शहाण्या मुलीला, सांताकडून.' सात हा अंकात, '7' असा लिहिला होता. चिठ्ठीशेजारी तिने दुसरा कागद ठेवला, आईने फ्रिजवर लावलेली सामानाची यादी. त्या यादीतही एक सात होता. दोन्ही सातांच्या पोटातून एक आडवी रेघ गेलेली.

"मावशी, शाळेत कुणीच सात असा काढत नाही," ती म्हणाली. "टीचरसुद्धा नाही. फक्त आई काढते."

चिठ्ठी डिसेंबरातली आणि आम्ही बोलत होतो जूनमध्ये. म्हणजे सहा महिने ही मुलगी पेन्सिलींच्या तळाशी तो पुरावा जपून बसली होती आणि कुणापाशी एक अक्षर बोलली नव्हती. मी तिला काय उत्तर दिलं, ते शेवटी सांगते. आधी त्या दोन सातांविषयी बोलू या, कारण आजचा माझा सगळा विषय त्यांच्यातच आहे.

सांतावरचा मुलांचा विश्वास उडाला की मोठी माणसं हळहळतात. 'संपलं बालपण,' म्हणतात. मला ते पटत नाही. त्या खोलीत मी जे पाहिलं, त्यात काही संपत नव्हतं. एक मूल नमुना गोळा करत होतं, दुसऱ्या नमुन्याशी ताडून बघत होतं आणि निष्कर्ष काढायची घाई करत नव्हतं. मोठ्यांनाही हे नेहमी जमत नाही.

आणि हळहळ नेमकी कुणाची असते, तेही बघायला हवं. १९९४ साली अँडरसन आणि प्रेंटिस या अमेरिकी संशोधकांनी विश्वास सुटलेल्या ५२ मुलांच्या मुलाखती घेतल्या. बहुतेकांना सत्य स्वतःच उमगलं होतं, साधारण सातव्या वर्षी. कळल्यावर कसं वाटलं, या प्रश्नावर मुलांनी सांगितलेल्या भावना बहुतांशी चांगल्या होत्या. उदास होते ते आईवडील. म्हणजे आपण मुलाच्या नावाने जे दुःख करतो, ते पुष्कळदा आपलं स्वतःचंच असतं. त्या दुःखाला मी कमी लेखत नाही. रात्री बारा वाजता मांजराच्या पावलांनी जिना उतरून भेटी मांडण्याचा आनंद मोठा असतो, आणि एका वर्षी तो हातातून निसटतो. पण त्याचं ओझं मुलाच्या खांद्यावर टाकू नये.

आता मुलं मुळात विश्वास ठेवतात तरी का? भोळी असतात म्हणून, असं आपण सहज म्हणून जातो. टेक्सास विद्यापीठात जॅकलिन वूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग केला होता. २००४ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी एक नवीच चेटकीण रचली, गोळ्या-चॉकलेटांची चेटकीण. हॅलोविनच्या सणाला मुलं घरोघरी फिरून गोळ्या जमवतात; ही चेटकीण त्या रात्री येते, तुमच्या गोळ्या घेते आणि बदल्यात खेळणं ठेवून जाते, असं बालवाडीतल्या मुलांना सांगितलं. काही मुलांच्या घरी आईवडिलांना हाताशी धरून तशी अदलाबदलही करवली. ज्यांच्या घरी चेटकीण 'येऊन गेली', त्यांच्यातल्या लहान मुलांपेक्षा थोड्या मोठ्या मुलांचा विश्वास जास्त पक्का निघाला! नीट विचार केला तर यात नवल नाही. मोठ्या मुलाला पुरावा म्हणजे काय ते कळायला लागलेलं असतं. सकाळी उठून पाहिलं तर गोळ्या नाहीत, खेळणं आहे. मग कुणीतरी आलं असणारच. तर्क अगदी बिनचूक आहे. खोटा होता तो पुरावा, आणि तो आपण तयार केलेला होता.

तीच बुद्धी पुढे विश्वास सोडवते. शटुलमन आणि यू या दोघा संशोधकांनी मुलांना सांतासाठी प्रश्न लिहायला सांगितले होते. जगात काय घडू शकतं आणि काय नाही याची समज ज्यांना कमी होती, ती मुलं तुझं वय किती, तू राहतोस कुठे, अशा धर्तीचं विचारत. समज वाढलेल्या मुलांचा कल वेगळा होता: एका रात्रीत सगळ्या जगात कसा पोचतोस, घराच्या धुराड्यातून, चिमणीतून कसा मावतोस? असा 'कसा' घरात आला की समजावं, दार किलकिलं झालंय.

हार्वर्डच्या पॉल हॅरिस यांनी आणखी एक बारीक गोष्ट टिपली आहे. जंतू आणि ऑक्सिजनही मुलांनी कधी डोळ्यांनी पाहिलेले नसतात, तेही मोठ्यांच्या शब्दावरच मान्य केलेले असतात. तरीही मुलांना सांतापेक्षा जंतूंची खात्री किंचित जास्त वाटते. का? हॅरिस यांनी सुचवलेलं एक कारण आपल्या बोलण्याच्या रीतीत आहे. 'माझा जंतूंवर विश्वास आहे' असं कुणी म्हणतं का? आपण नुसतं 'हात धू' म्हणतो. सांताबद्दल मात्र 'तो खरंच आहे हं!' असं पुन्हा पुन्हा बजावावं लागतं, आणि ते बजावणं मुलांच्या कानाला खटकतं.

तरी बजावण्याची आपली हौस केवढी! १९५५ साली अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या हवाई संरक्षण केंद्राने रेनडिअर जुंपलेली सांताची उडती गाडी कुठवर आली ते सांगायला सुरुवात केली. 'नोरॅड' ही अमेरिका-कॅनडाची संयुक्त हवाई संरक्षण संस्था आजही दर नाताळला ते काम करते. कॅनडाच्या टपाल खात्याने सांताला स्वतंत्र पिनकोड दिलाय, त्याचं वाचन 'हो हो हो' असं होतं, आणि मुलांच्या पत्रांना खरोखर उत्तरं येतात. नेदरलँड्समध्ये २००१ पासून सिंटरक्लासच्या, म्हणजे सांतासारख्याच भेटी आणणाऱ्या डच 'सिंट'च्या, बातम्यांचा कार्यक्रम टीव्हीवर असतो. सरकारी खातं, वाहिनी, घरातली आई, सगळे एका बाजूला आणि पलीकडे सात वर्षांचं एकटं पोर. आणि तरीही ते पोर शोध लावतं. मला याचं फार कौतुक वाटतं.

याच संदर्भात नेहमी सांगितली जाते ती व्हर्जिनिया ओ'हॅनलनची गोष्ट. १८९७ साली न्यूयॉर्कमधल्या या आठ वर्षांच्या मुलीने 'द सन' या दैनिकाला पत्र पाठवलं. माझे काही दोस्त म्हणतात सांता क्लॉज नाही. बाबा म्हणतात, 'सन'मध्ये छापून आलं म्हणजे ते खरं. तर कृपा करून मला खरं सांगा. २१ सप्टेंबरला अग्रलेखातून उत्तर आलं. तो लिहिणारे फ्रान्सिस चर्च. त्यांचं नाव १९०६ साली त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर आलं. उत्तराचा आशय असा: होय व्हर्जिनिया, सांता आहे, प्रेम आणि औदार्य जितक्या खात्रीने आहे तितक्याच खात्रीने आहे, तुझ्या मित्रांचंच चुकतंय, त्यांना या संशयी युगाची बाधा झालीय.

लेख सुरेख आहे, आजही तो पुन्हा पुन्हा छापला जातो. पण मी दर वेळी ते छोटं पत्र आधी वाचते आणि माझा जीव त्या मुलीपाशी अडकतो. किती स्वच्छ प्रश्न आहे तो! दोन बाजू मांडल्या आहेत, कुणाचा शब्द प्रमाण मानायचा तेही ठरवलंय, आणि मागितलंय फक्त सत्य. वडिलांनी वर्तमानपत्राकडे बोट दाखवलं, वर्तमानपत्राने कवितेकडे. आणि ज्या मुलांनी बरोबर ओळखलं होतं, तीच चुकीची ठरवली गेली. मोठ्यांच्या मनासाठी तो अग्रलेख फार चांगला आहे. विचारणाऱ्या मुलीला मात्र उत्तर मिळालं नाही, असं मला वाटतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. गोष्ट सांगा, रंगवून सांगा. मूल जोवर त्या गोष्टीत रमलंय, तोवर तुम्हीही रमा. सांता नको म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण ज्या दिवशी मूल समोर उभं राहून 'खरं सांग' म्हणेल, त्या दिवसापासून नवे पुरावे रचू नका. पिठात बुटांचे ठसे उमटवू नका, अक्षर बदलून दुसरी चिठ्ठी लिहू नका. तोवर ती गोष्ट असते. त्यानंतर आपण मुलाच्या स्वतःच्या डोळ्यांना खोटं पाडत असतो. डॅलसच्या टेक्सास विद्यापीठातल्या कँडिस मिल्स यांचा अलीकडचा अभ्यास मला याच्या जवळ जाणारा वाटतो. त्यात साधारण एक तृतीयांश मुलांनी आणि आपलं लहानपण आठवून सांगणाऱ्या निम्म्या मोठ्यांनी, कळलं तेव्हा थोडंफार वाईट वाटल्याचं सांगितलं, बहुतेकांचं ते वाईट वाटणं लवकर सरलं. जास्त लागलं ते ज्यांना उशिरा, एकदम आणि दुसऱ्याच्या तोंडून कळलं त्यांना, आणि ज्यांच्या घरी फार हट्टाने पटवलं गेलं होतं त्यांना.

डच लोकांनी यावर एक छान वाट काढलीय. विश्वास ठेवायचं वय सरलेल्यांचं तिथे सणातून काही सुटत नाही. चिठ्ठ्या टाकून ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी गुपचूप भेट तयार करायची आणि सोबत त्याची थट्टा करणारी कविता सिंटच्या नावाने लिहायची. सिंट नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी सही त्याचीच असते.

आता भाचीकडे येते. पहिल्यांदा मी चुकलेच. "तुला काय वाटतं?" असं विचारलं. एरवी हा प्रश्न चांगला आहे, मुलाचं मन कळावं म्हणून विचारला तर. मी तो सुटका करून घ्यायला विचारला होता, आणि तिला ते समजलं. तिने चिठ्ठी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "मला काय वाटतं ते इथे आहेच की. तुला काय माहितीये ते सांग."

मी सांगितलं. चिठ्ठी आईने लिहिली होती. भेटी आईबाबा आणतात.

ती रडली नाही. बराच वेळ गप्प राहिली आणि मग एकेक करून जुने हिशेब काढायला लागली. सांतासाठी ठेवलेलं दूध कोण प्यायचं? आई. चिमणीजवळची काजळी? आईनेच लावलेली असणार. "आणि रेनडिअरसाठी ठेवलेलं गाजर?"

"बाबा खायचे."

"पण बाबांना गाजर आवडत नाही." मग हळूच, "कच्चं?"

"कच्चं."

तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी विसरणार नाही. रेनडिअर उडतो याचं तिला कधी एवढं आश्चर्य वाटलं नसेल.

मग तिने चिठ्ठी पुन्हा पेन्सिलींच्या तळाशी ठेवली, पेटी बंद केली आणि मला बजावलं, "आईला सांगू नकोस हं. तिला खूप मजा येते."

मी नाही सांगितलं. आता भाची मोठी झालीय, बहिणीलाही सगळं ठाऊक आहे, आणि दोघींना विचारूनच मी हे बोलतेय. पण त्या डिसेंबरात बहिणीचा फोन आला, तेव्हा ती फार खुशीत होती. "अगं, अजून विश्वास आहे तिचा! आज सांताला पत्र लिहिलंय." मी विचारलं, काय मागितलंय?

आदल्या वर्षी तिने मागितलेली बाहुली शोधता शोधता बहीण गावभर फिरली होती. या वर्षी पत्रात एकच ओळ होती: रंगीत पेन्सिली, कुठल्याही चालतील.