भुंगेऱ्याच्या अंगावरचे प्रवासी

पडद्यावर दिसणारा काळा-नारिंगी भुंगेरा निक्रोफोरस या वंशातील आहे आणि त्याच्या छातीखाली, पायांच्या बेचक्यांत जे तपकिरी ठिपके सरकताना दिसतात, ते पोसिलोकिरस वंशाचे माइट आहेत. माइट हे कीटक नव्हेत. प्रौढपणी आठ पाय असलेले हे जीव कोळी आणि विंचू यांच्या वर्गात मोडतात. ते भुंगेऱ्याचे रक्त शोषत असावेत, असे पाहणाऱ्याला प्रथम वाटते. वास्तविक त्यांना भुंगेरा हवा असतो तो केवळ वाहन म्हणून.

एखादा उंदीर किंवा लहान पक्षी मरून पडला की त्याच्या वासाने निक्रोफोरसची जोडी तेथे पोहोचते, प्रेत मातीखाली नेते, त्याचे केस किंवा पिसे काढून गोळा बनवते आणि त्यावर आपल्या अळ्या वाढवते. पंख नसलेल्या माइटांना एवढे विखुरलेले आणि लवकर संपणारे अन्न स्वतःहून शोधणे अशक्यच असते. प्रेताजवळ उतरल्यावर ते कात टाकून प्रौढ होतात, अंडी घालतात, आणि पालक भुंगेरे तेथून निघण्याच्या सुमारास माइटांची पुढची पिढी नेमकी प्रवासाच्या अवस्थेत आलेली असते. दोन सर्वस्वी भिन्न जीवांच्या वाढीचा वेग असा जुळून यावा, ही आम्हाला या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

या प्रवासाचे भाडे कोण भरते, याचे उत्तर मात्र परिस्थितीनुसार बदलते. प्रेतावर माश्यांनी आधीच अंडी घातलेली असतील, तर माइट ती अंडी आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या फस्त करतात, त्यामुळे भुंगेऱ्याच्या पिलांच्या वाट्याचे अन्न वाचते. माश्या नसतील, तर हेच माइट त्या अन्नात वाटेकरी होतात, आणि प्रसंगी भुंगेऱ्याची अंडीही खातात.

वाहनाला चिकटून राहण्याच्या तऱ्हाही निरनिराळ्या आहेत. युरोपोडिना गटातील माइट गुदद्वारातून स्रवलेल्या द्रवाचा देठ तयार करतात आणि तो घट्ट झाला की त्याच्या आधाराने यजमानाच्या कवचावर लटकून राहतात. अ‍ॅस्टिग्माटा गटातील अनेक जातींत प्रवासासाठी एक वेगळीच अवस्था असते: तिला कार्यक्षम तोंड नसते, ती काही खात नाही आणि शरीराच्या मागील भागातील चूषकांनी यजमानाला धरून राहते.

सगळेच प्रवासी निरुपद्रवी नसतात. कॉक्सिपोलिपस हिपोडेमिए हा माइट ढालकिड्यांच्या पंखकवचाखाली राहून त्यांचे शरीरद्रव शोषतो, मीलनाच्या वेळी एका भुंगेऱ्यावरून दुसऱ्यावर जातो आणि मादीला वंध्य करतो.

अ‍ॅलोडायनेरस या एकांड्या गांधीलमाशीच्या शरीरावर तर माइटांना बसण्यासाठी खास खोबणी असते. आपल्या प्रत्येक अपत्यासाठी ती जी कोठडी बांधते, तीत एन्स्लिनिएला वंशाचे माइट शिरतात आणि वाढणाऱ्या पिलाचे शरीरद्रव पितात, म्हणजे व्याख्येने ते परजीवीच ठरतात. परंतु मेलिटोबिया नावाची इवली परजीवी गांधीलमाशी त्या पिलावर अंडी घालण्यासाठी कोठडीत घुसली, की हेच माइट तिच्यावर तुटून पडतात, आणि त्यांची संख्या पुरेशी असेल तर तिला ठार करतात.