शब्द अडला तर थांबा

नमस्कार श्रोतेहो. पक्षाघाताचा झटका आला की घरच्यांचं लक्ष आधी हातापायांकडे जातं. मालिश, व्यायाम, धरून चालवणं, सगळं निगुतीनं होतं. वाचेबद्दल मात्र ‘येईल हळूहळू’ म्हणतात. आज त्या वाचेविषयीच बोलते.

बहुतेकांच्या मेंदूत भाषेचा कारभार डाव्या बाजूला असतो आणि उजवा हात-पायही तीच बाजू चालवते. म्हणून उजवं अंग लुळं पडलं की पुष्कळदा बोलणंही अडतं. डॉक्टर याला अफेजिया म्हणतात. माणसाला सांगायचं ते मनात असतं, पण ‘चहा’ म्हणायला जावं तर ‘चावी’ बाहेर पडतं. आपण मग आवाज चढवतो, जणू काकांना ऐकूच येत नाही. किंवा तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलतो. ते तर फारच लागतं हो मनाला!

आपल्या इंदूरला आणखी एक पेच आहे. रामबाग असो की लोकमान्यनगर, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. स्पीच थेरपी बहुधा हिंदीतच होते. झटक्यानंतर दोन्ही भाषा सारख्याच परततील असं नसतं. कधी एक पुढे जाते, दुसरी रेंगाळते. तेव्हा थेरपिस्टना पहिल्याच भेटीत सांगा की घरची बोली मराठी आहे. पोळी, वरण, गोळी, दुखतंय, नको, नातवंडांची नावं, अशी रोजच्या शब्दांची यादी तुम्हीच करून द्या. त्यांना ती कुठून सुचणार?

पाणी मागता न येणारे काहीजण रामरक्षा मात्र सलग म्हणतात. पाठ केलेलं नि गायलेलं मेंदूत थोड्या वेगळ्या वाटेनं येतं. गाण्याच्या चालीवर बोलायला शिकवण्याची उपचारपद्धत १९७३ पासून प्रसिद्ध आहे. संध्याकाळी आरती, पाढे त्यांच्याबरोबर म्हणा. पाहुण्यांपुढे ‘म्हणून दाखवा’ असा आग्रह तेवढा नको.

काका शब्द शोधत असतील तेव्हा टीव्ही बंद करा, समोर बसा नि थांबा. त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. अगदीच अडलं, तर हो-नाहीत उत्तर येईल असा एकच प्रश्न विचारा. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत जास्त दिसते, पण वर्षानंतरही होत राहते. चिडचिड, रडणं, अन्न नकोसं होणं वाढलं तर डॉक्टरांना सांगा. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, आणि त्यावर उपचार आहेत.

भेटायला येणाऱ्यांना दारातच सांगून ठेवा. काका समोर बसलेले असताना ‘आता कसं आहे यांचं?’ हे काकूंना विचारू नका. काकांनाच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत बसा.