भोवरे नंतर बघा, आधी खोगीर उतरवा

नमस्कार मंडळी! सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घ्यायला आलेला माणूस आधी काय बघतो? भोवरे. कपाळावर किती, मानेवर कुठे, कुठला शुभ, कुठला खोडीचा. मी घोड्यांची फिजिओथेरपिस्ट, मी खोगीर उतरवायला सांगते. विकणाऱ्याला ते मुळीच आवडत नाही.

(कॅमेरा घोडीच्या पाठीवर)

ही बिजली, वय 11. सगळं अंग कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी, पण इथे, कण्याच्या दोन्ही बाजूंना, तळहाताएवढे पांढरे केस दिसतायत? हे वयाचे नाहीत. खोगीर एकाच जागी रुतत राहिलं की कातडीचं रक्त अडतं, केसांना रंग देणाऱ्या पेशी मरतात, आणि पुढे तिथे पांढराच केस उगवतो.

आता माझी बोटं बघा. कण्यापासून चार बोटं बाजूला, हलका दाब देत मागे सरकतेय. इथे काही नाही... इथेही नाही... आणि इथे! कान मागे गेले, पाठ खचली, शेपटी झटकली. घोडीची देखभाल करणारे मोतद्दारदादा म्हणाले, "मॅडम, गुदगुल्या होतात तिला." नाही हो दादा, दुखतंय तिला. घोडा ओरडत नाही. दुखणं लपवतो, कारण रानात लंगडणारा घोडा आधी मारला जातो.

घोड्यांची फिजिओथेरपी म्हणजे निम्मं काम हे असं शोधण्याचं. उरलेलं निम्मं उपचारांचं, आणि ते घाईचं नाही. पण त्याआधी जनावरांचे डॉक्टर. ब्रिटनमध्ये तर डॉक्टरांनी पाठवल्याशिवाय फिजिओथेरपिस्टने घोड्यावर उपचार करायचे नाहीत, असा कायदाच आहे. आणि खोगीर बदलणार नसाल तर मलाही बोलावू नका. मी आज पाठ मोकळी करणार, उद्या तुम्ही तेच खोगीर तंग आवळून ठेवणार, काय उपयोग?

शरीराची एक गंमत सांगते. घोड्याला कॉलरबोन नसतं. पुढचे दोन्ही पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत, छाती स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. आणि वजनाचा साधारण 60 टक्के भार याच दोन पायांवर! शिवाय गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीतच, नुसत्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या. त्यामुळे लंगडा घोडा दिसला की तेलाची बाटली घेऊन नळी चोळत बसणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. तिथे चोळायला आहे काय? कंडरा ताणली गेली तर पहिले काही दिवस गार पाणी, विश्रांती आणि डॉक्टरांकडून सोनोग्राफी. भरून यायला 9 ते 12 महिने लागतात. शर्यतीच्या घोड्याचा अख्खा हंगाम त्यात जातो.

लेझर, करंटची यंत्रं, पाण्यातली ट्रेडमिल, हे सगळं असतं. माझं लाडकं यंत्र मात्र हे. गाजर.

(गाजर दाखवते)

घोडी सपाट जागेवर, चारही पाय सरळ. गाजर छातीशी धरलं, हनुवटी खाली आली. आता मान वाकवून दोन गुडघ्यांच्या मध्ये. आता बाजूला, तंगाच्या, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याच्या जागेपर्यंत... अजून मागे, कुल्ल्यापर्यंत. 5 सेकंद धरा, मग द्या. हिसका नको, हळू. पाठ बघा, कशी वर उचलली जातेय! कण्याला चिकटून खोलवर असलेले लहान स्नायू यात कामाला लागतात. एका अभ्यासात 8 घोड्यांकडून आठवड्यातले 5 दिवस, 3 महिने हे व्यायाम करून घेतले आणि सोनोग्राफीत मोजलं, तर ते स्नायू खरोखर जाड झाले होते. दोन्ही बाजूंनी करा. एका बाजूला मान जाते आणि दुसऱ्या बाजूला मान न वळवता घोडीच अख्खी गोल फिरते, तर तिथेच काहीतरी अडलंय.

एक धोक्याची खूण. कामानंतर घोडा जागचा हलत नाही, घामाने निथळतोय, कुल्ले दगडासारखे झालेत, लघवी चहासारखी काळपट? मालिश नाही, चालवणंही नाही. जागेवर उभा ठेवा, डॉक्टरांना फोन करा.

माथेरानवाले सारखं विचारतात, वजन किती चालेल? ढोबळ हिशेब घोड्याच्या वजनाच्या 20 टक्के. 350 किलोचा घोडा असेल तर 70 किलो, तेही खोगीर धरून. घोड्याचं वय झालं असेल, पाठ धरली असेल, किंवा वाट चढाची असेल, तर त्याहून कमी.

आता तुमचं काम. घोडा लंगडतोय असा संशय आला तर डॉक्टरांना दाखवायला दुडकी चालीचा व्हिडिओ काढा. कडक, सपाट जमिनीवर, समोरून, मागून आणि बाजूने. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीला टेकताना डोकं वर उडतं. चांगला पाय टेकताना खाली येतं. फक्त दोर सैल धरा. मोतद्दार तोंडाशी घट्ट धरून पळाले की डोकं हलतच नाही, आणि लंगडा घोडासुद्धा ठणठणीत दिसतो. बाजारात तो तसाच धरलेला असतो, बघा कधी.