शेवटचा प्रश्न आधी लिहा

श्रोतेहो, नमस्कार. "नीट बसा", "लक्ष द्या", "व्यवस्थित लिहा" या सूचना वर्गावर्गांत रोज दिल्या जातात आणि बहुतेक वाया जातात. नीट म्हणजे कसं, हे शिक्षकाला माहीत असतं, मुलाला नसतं. "बोलायचं असेल तर हात वर करा, एक जण बोलत असताना बाकीच्यांनी ऐका" असं सांगितलं, की नेमकं काय करायचं ते कळतं. असे नियम चार-पाच पुरेत. मात्र गट करून बसणं, वह्या गोळा करणं या गोष्टी पहिल्या आठवड्यात चक्क करूनच घ्याव्यात. आणि सोमवारी लावलेला नियम गुरुवारी सोडून दिलात, तर मुलं गुरुवार लक्षात ठेवतात!

आता पाठाकडे येऊ. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठ शिकवण्याच्या पाच पायऱ्या, बी.एड. झालेल्यांना तोंडपाठ असते. (खरं तर हर्बार्टने चारच पायऱ्या सांगितल्या होत्या, पाच केल्या त्याच्या अनुयायांनी.) आधीचं आठवून द्या, नवं मांडा, दोन्हींची सांगड घाला, नियमापर्यंत या, मग तो वापरायला लावा. हा क्रम आजही चांगलाच आहे. घोळ होतो तो पाठ टाचणात, म्हणजे तासाआधी लिहायच्या आराखड्यात. उद्दिष्टाखाली आपण लिहितो, "विद्यार्थ्यांना अपूर्णांकांचे आकलन होईल." झालं की नाही, हे तपासणार कसं? त्याऐवजी "वेगळे छेद असलेल्या दोन अपूर्णांकांची बेरीज करेल आणि छेद समान का केले ते सांगेल" असं लिहून पाहा. तासाच्या शेवटी काय विचारायचं ते तिथेच ठरतं. मी तर म्हणेन, तो शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी लिहा, प्रस्तावना मागाहून. आणि आज काय यायला हवं, हे मुलांनाही सुरुवातीलाच सांगून टाका. त्यात गुपित ठेवण्यासारखं काय आहे?

मधल्या प्रश्नोत्तरांबद्दल एकच सांगतो. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, असं मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंना आढळलं होतं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, कारणं देणारी झाली. वर्गासमोर उभं असताना ते तीन सेकंद संपता संपत नाहीत, हेही खरं.

शेवटची पाच मिनिटं त्या ठरवलेल्या प्रश्नासाठी राखा. उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या, गुण देऊ नका. बरोबर, अर्धवट आणि चुकलेल्या असे तीन गठ्ठे करा. चुकलेल्यांचा गठ्ठा जाड असेल, तर दुसऱ्या दिवशीचं टाचण बदलावं लागेल. अर्धवट जास्त असतील, तर त्यातलं एक उत्तर नाव न सांगता फळ्यावर उतरवा आणि पुढचा तास तिथूनच सुरू करा.