टायफॉईडने आतडं फुटतं तेव्हा

(दृश्य: रुग्णालयाचा अपघात विभाग. स्ट्रेचरवर तरुण रुग्ण, शेजारी नातेवाईक.)

दोन-अडीच आठवडे ताप. गावात सलाईन लावून झालं, इंजेक्शनं झाली, टायफॉईडसाठीची रक्ततपासणी, विडाल टेस्टही झाली. ती टेस्ट फसवी आहे, हे डॉक्टरांनाही ठाऊक असतं, तरी चिठ्ठीवर तीच लिहिली जाते. आणि आज अचानक पोटात, उजव्या बाजूला खाली, कळ उठली.

टायफॉईडचे जंतू दूषित पाण्यातून नाहीतर अन्नातून शिरतात आणि लहान आतड्याच्या शेवटच्या दोन फुटांत मुक्काम करतात. तिथे आतड्याच्या भिंतीत प्रतिकारपेशींचे पुंजके असतात, त्यांना पायर्स पॅचेस म्हणतात. ते सुजतात, सडतात, त्यांचे व्रण होतात. साधारण तिसऱ्या आठवड्यात एखादा व्रण आरपार जातो. भोक बहुधा छोटंच असतं. पण त्यातून आतड्यातली घाण पोटाच्या पोकळीत सांडत राहते.

(दृश्य: उभ्याने काढलेला छातीचा एक्स-रे.)

श्वासपटलाखाली, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली, ही काळी पट्टी दिसते? ती हवा आहे. तिने आतड्यात असायला हवं होतं.

१९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक टायफॉईडवर लागू पडलं, आणि पुढे काही डॉक्टर म्हणू लागले की भोक पडलं तरी पोट उघडू नका, औषधावर ठेवा. त्यामागे कारण होतं: असे रुग्ण ऑपरेशन टेबलावरच दगावत. आज तो वाद जवळपास मिटला आहे. ऑपरेशन करायचंच, पण पळत सुटायचं नाही. आधी काही तास सलाईन, सेफ्ट्रायॅक्सोन आणि मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिक्स, जठर रिकामं करायला नाकातून रायल्स ट्यूब, लघवीला नळी. लघवी व्हायला लागली, नाडी जरा सावरली, की मग थिएटर. हे तास वाया गेले असं नातेवाईकांना वाटतं. माझ्या मते रुग्ण वाचतो तो बऱ्याचदा याच तासांमुळे.

(दृश्य: ऑपरेशन थिएटर. फक्त हात.)

पोट मधोमध उघडतात. पू, पिवळट पाणी, कधी विष्ठा. लिटरमागून लिटर कोमट सलाईनने धुणं चालतं. मग सर्जन आतडं शेवटापासून मागे बोटांखालून घेत जातात. एक भोक सापडलं म्हणून थांबायचं नसतं. दुसरंही असू शकतं, आणि भिंत पातळ झालेली, उद्या फुटेल अशी जागाही. भोकाच्या कडेचा छोटा तुकडा बायोप्सीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला जातो, कारण आपल्याकडे क्षयही इथेच भोकं पाडतो.

टाके घालायला तसा फार वेळ लागत नाही. पण सुजलेलं आतडं भिजलेल्या टीपकागदासारखं असतं, टाका ओढला की चिरत जातो. एकच ताजं भोक असेल तर दोन थरांत शिवतात. जवळजवळ बरीच असतील तर तेवढा भाग कापून टोकं जोडतात. आणि रुग्ण उशिरा आला असेल, आतडं टाके धरेल असं वाटत नसेल, तर ते पोटावर बाहेर काढतात. इलिओस्टॉमी. वॉर्डात सगळे म्हणतात, 'पिशवी लावली.'

(दृश्य: वॉर्ड. आई पिशवी बदलायला शिकते आहे.)

घरच्यांना सगळ्यात जास्त धक्का याच गोष्टीचा बसतो. पातळ शौच सतत पिशवीत येतं, त्यातल्या पाचक रसांनी कातडी सोलवटते, अंगातलं मीठ-पाणी निघून जातं. म्हणून भोवती झिंक ऑक्साईडचं मलम आणि पोटात ओआरएस. तापाने आधीच वाळलेल्या माणसाचं वजन भरायला वेळ लागतो. जखमेत पू होणं तर नेहमीचंच. कधी टाके उसवतात, कधी दुसरीकडे नवं भोक पडतं आणि पुन्हा थिएटर गाठावं लागतं.

(दृश्य: नवी मुंबई, लसीकरण केंद्र.)

हे रुग्ण बहुतेक मुलं नाहीतर तरुण असतात. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना टायफॉईड कॉन्जुगेट लस द्यायला सुरुवात केली. सरकारी यंत्रणेतून ही लस देणारी जगातली ती पहिली मोहीम.

(दृश्य: पुन्हा ओपीडी. तोच तरुण, अंगाने भरलेला.)

सगळं नीट झालं तर दोन-तीन महिन्यांनी दुसरं, लहान ऑपरेशन होतं. आतडं परत आत जातं आणि पिशवी सुटते.